क्लिपलेस पेडल कोणते घ्यावे?

मित्रांनो, आपल्या हाउसमध्ये सायकलींवर गप्पा सुरू झाल्या की गिअर किती, फ्रेम कशाची, टायर किती बारीक, यावर रात्रीचा बिगुल होईपर्यंत बोलणे चालते. पेडलचे नाव मात्र कोणी काढत नाही. वास्तविक सायकलस्वार आणि सायकल यांचा संबंध फक्त तीन ठिकाणी येतो : हँडलवर हात, सीटवर बैठक आणि पेडलवर पाय. त्यांतल्या एकाच ठिकाणाहून ताकद सायकलीत जाते, ते म्हणजे पेडल. महागड्या रोड सायकली पुष्कळदा पेडलशिवायच विकल्या जातात, कारण कोणते पेडल हवे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

मला हे ठरवायची वेळ या वर्षी आली. माझे वडील फौजेत आहेत आणि सध्या दिल्ली छावणीत आहेत, त्यामुळे माझी सुट्टी तिथेच जाते. गुरुग्रामला नोकरी करणाऱ्या माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, आपली जुनी रोड सायकल मला दिली; पण पेडल्स काढून ठेवली आणि म्हणाला, “ही तूच निवड. आणि का निवडलीस ते मला समजावून सांग.” आईची अट अशी, की दिल्लीच्या रहदारीत पाय अडकून पडायचे नाही. बाबांची अट त्याहून कडक : “दोन वर्षांनी एनडीएची परीक्षा, मग एसएसबी, मग मेडिकल. गुडघा बिघडवून घेतलास तर सायकल घरात टांगून ठेवीन.” तेव्हा या लेखात जे लिहिले आहे ते शौक म्हणून वाचलेले नाही, आई, बाबा आणि दादा या तिघांना पटवण्यासाठी जमवलेले आहे.

नावाचा घोटाळा

‘क्लिपलेस’ म्हणजे क्लिप नसलेले. पण या पेडलमध्ये तर बूट खट्कन अडकतो! मग नाव असे उलटे का? त्याचे उत्तर जुन्या पेडलमध्ये आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलवर पुढच्या बाजूला लोखंडी पिंजऱ्यासारखी ‘टो क्लिप’ असे. तिच्यात बुटाचे नाक सारायचे आणि चामड्याचा पट्टा आवळायचा. पाय पक्का बसे, पण सोडवायचा तर खाली वाकून हाताने पट्टा सैल करावा लागे. पडताना एवढा वेळ कोणाकडे असतो?

फ्रान्समधील लुक ही कंपनी बर्फावरच्या स्कीसाठी बुटाची पकड बनवत असे. स्कीवरचा माणूस पडला की पकड आपोआप सुटली पाहिजे, नाहीतर पाय मोडतो. तीच कल्पना तिने सायकलीत आणली आणि १९८४ मध्ये असे पेडल बाजारात आणले. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बर्नार्ड इनो याने ही पेडल्स वापरून आपली पाचवी टूर द फ्रान्स जिंकली आणि हळूहळू टो क्लिप मागे पडली. टो क्लिप नाही म्हणून हे ‘क्लिपलेस’. १९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने डोंगरी सायकलींसाठी एसपीडी हा लहान प्रकार काढला. चिखलात उतरून चालायचे आणि पुन्हा सायकलीवर बसायचे, अशांसाठी तो होता.

आतली रचना सोपी आहे. बुटाच्या तळव्याला एक लहान तुकडा बोल्टने बसवतात, त्याला क्लीट म्हणतात. पेडलमध्ये स्प्रिंगवर चालणारा जबडा असतो. क्लीटचे नाक आधी पुढच्या खाचेत घालायचे आणि चवड्याने दाबायचे. मागचा जबडा मागे सरकतो आणि क्लीट पकडतो. सुटण्यासाठी पाय वर ओढायचा नाही, टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. ड्रिलमध्ये आपण ‘दहिने मुड’ करताना उजव्या टाचेवर फिरतो. इथे उलट आहे : चवडा जागेवर आणि टाच फिरते. हा फरक पायाला शिकवावा लागतो. घाबरल्यावर माणूस पाय वर खेचतो, आणि वर खेचले की ही पकड सुटत नाही.

फायदा नक्की काय?

पुष्कळ जण सांगतात की क्लिपलेस लावले की पाय खालीही दाबतो आणि वरही ओढतो, त्यामुळे ताकद दुप्पट. हे खरे नाही. सरळ रस्त्यावर एका लयीत चालवताना वर येणारा पाय फारसे ओढत नाही. काम मुख्यतः खाली जाणाऱ्या पायाचेच असते. खरा फायदा वेगळा आहे. पाय प्रत्येक वेळी त्याच जागी राहतो. मिनिटाला ८०–९० फेऱ्या मारताना, चढावर उभे राहून चालवताना, पावसात किंवा खड्ड्यातून जाताना तो घसरत नाही. बुटाचा तळ कडक असल्यामुळे दाब पूर्ण चवड्यावर पसरतो आणि लांब अंतरात तळवा कमी दुखतो.

आता थोडे गणित. दिल्लीत आणि देशात इतरत्रही ज्या ब्रेव्हे राइड होतात, त्यांतली सर्वांत लहान २०० किलोमीटरची असते आणि ती १३ तास ३० मिनिटांत पुरी करायची असते. समजा एखाद्याने ताशी २५ किलोमीटरने ८ तास पेडल मारले आणि मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या, तर ८० गुणिले ६० गुणिले ८ म्हणजे ३८,४०० फेऱ्या झाल्या. प्रत्येक गुडघा एका दिवसात ३८,४०० वेळा वाकला. पाय योग्य कोनात असेल तर काही बिघडत नाही. पण कोन थोडा चुकीचा असेल आणि पाय घट्ट अडकलेला असेल, तर तीच चूक ३८,४०० वेळा होते. साध्या पेडलवर पाय आपोआप सरकून सोयीची जागा शोधतो. क्लिपलेसमध्ये ती जागा आपल्याला आधी शोधून द्यावी लागते. बाबांची गुडघ्याची काळजी इथे खरी ठरते.

दोन घराणी : तीन बोल्ट आणि दोन बोल्ट

बाजारात अनेक नावे असली तरी निवड मुख्यतः दोन प्रकारांत असते.

पहिला प्रकार तीन बोल्टचा. शिमानोचे एसपीडी-एसएल आणि लुकचे केओ या घराण्यातले. क्लीट मोठी, प्लॅस्टिकची आणि त्रिकोणी असते, ती बुटाच्या तळाबाहेर येते. पेडल रुंद असल्यामुळे दाब चांगला पसरतो, वजनही कमी असते. म्हणून रस्त्यावरच्या शर्यतीत हीच दिसतात. पण खाली उतरलात की बदकासारखे चालावे लागते. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो आणि चालून चालून क्लीट झिजते. शिवाय पेडलला एकच बाजू असते. सिग्नल हिरवा झाल्यावर ती बाजू पायाने शोधावी लागते.

दुसरा प्रकार दोन बोल्टचा, म्हणजे एसपीडी. क्लीट लहान, धातूची, आणि बुटाच्या तळातील खोबणीत लपलेली. त्यामुळे जवळजवळ नेहमीच्या बुटांसारखे चालता येते. अनेक पेडल्सना दोन्ही बाजूंनी पकड असते, त्यामुळे पाय कसाही ठेवला तरी बसतो. वजन थोडे जास्त आणि टेकायची जागा लहान, हे तोटे.

दिल्लीच्या सायकलस्वारांची एक आवडती राइड म्हणजे पहाटे निघून राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून मुरथलला जायचे आणि ढाब्यावर पराठे खाऊन परतायचे. ढाब्याच्या ओल्या फरशीवर हात धुवायला जाताना कोणत्या घराण्याचे बूट बरे, हे वेगळे सांगायला नको. जो प्रवासाला निघतो, मुक्काम करतो, पंक्चर झाले तर सायकल हातात धरून चालतो, त्याने दोन बोल्ट घ्यावे. जो फक्त शर्यत किंवा सराव करतो आणि घरापासून घरापर्यंत सायकलीवरच असतो, त्याने तीन बोल्टचा विचार करावा.

याच्याही पुढचे टोक दिल्लीतच आहे. इंदिरा गांधी संकुलात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी लाकडी पट्ट्यांचा, २५० मीटरचा ट्रॅक बांधला. ट्रॅकवरच्या सायकलींना ब्रेक नसतात, गिअरही एकच. तिथले स्प्रिंटर क्लिपलेसवर वरून आणखी पट्टा बांधतात, कारण सुटताना लावलेल्या जोरात पाय निसटला तर शर्यत गेली. त्यांना ते परवडते. त्यांच्या वाटेत धौला कुआँचा सिग्नल येत नाही.

रंग पाहून फसू नका

क्लीट पकडलेली असतानाही टाच थोडी डावी-उजवीकडे हलू शकते. या मोकळिकीला फ्लोट म्हणतात आणि ती अंशांत मोजतात. गुडघ्यासाठी ही मोकळीक महत्त्वाची. तीन बोल्टच्या क्लीटवर ती रंगाने दाखवलेली असते, पण प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. शिमानोच्या एसपीडी-एसएलमध्ये लाल म्हणजे ० अंश, निळा २ अंश आणि पिवळा ६ अंश. लुक केओमध्ये काळा ० अंश, राखाडी ४.५ अंश आणि लाल ९ अंश. म्हणजे एकाकडे लाल म्हणजे अजिबात मोकळीक नाही, तर दुसऱ्याकडे लाल म्हणजे सर्वांत जास्त! मित्राने “लाल घे, गुडघ्याला बरी” असे सांगितले, तर आधी कोणत्या कंपनीची ते विचारा. शिवाय एका कंपनीची क्लीट दुसरीच्या पेडलमध्ये चालेल असे धरू नये.

शिमानोच्या दोन बोल्टच्या क्लीटमध्ये दोन प्रकार सहज मिळतात. एसएच ५१ फक्त टाच बाजूला वळवली की सुटते. एसएच ५६ बाजूला वळवून तर सुटतेच, पण जोराने तिरके वर ओढले तरी सुटू शकते. जोरात चढ चढताना ती कधी नको तेव्हाही सुटेल; पण नवशिक्याला घाबरल्यावर पाय मोकळा होणे जास्त गरजेचे. खोक्यात पेडलबरोबर बहुधा क्लीट्सची एक जोडी असते. ती कोणती आहे ते तिच्यावर कोरलेले असते, वाचून घ्यावे.

आपला पाय डावा

पहिल्यांदा क्लिपलेस लावणारे बहुतेक लोक वेगात पडत नाहीत. सिग्नलला थांबल्यावर, वेग शून्य असताना, झाड पडावे तसे हळूच आडवे होतात. लागत फार नाही. पण पडलो कोणत्या बाजूला, यावर सर्व अवलंबून आहे.

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. सायकल रस्त्याच्या डाव्या कडेला असते, म्हणजे डावीकडे फूटपाथ आणि उजवीकडे बस, ट्रक, डंपर. डावीकडे पडलात तर कोपर खरचटेल. उजवीकडे पडलात तर मागून काय येत आहे यावर जीव अवलंबून. गुरुग्राम–फरिदाबाद रस्त्यावर पहाटे सायकलस्वार पुष्कळ असतात आणि अवजड वाहनेही असतात. तिथे हे लगेच ध्यानात येते. म्हणून नियम असा : थांबण्याआधी, सायकल अजून चालत असतानाच, डावा पाय सोडवायचा, शरीराचा भार डावीकडे झुकवायचा, डावा पाय टेकायचा. अमेरिका किंवा फ्रान्समधल्या लोकांचे पाहून उजवा पाय टेकायची सवय लावू नका. तिथे वाहने उजवीकडून चालतात, फूटपाथही उजवीकडेच असतो. त्यांचा उजवा तो आपला डावा.

पेडलवर स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा लहान स्क्रू असतो. दोन्ही पेडल्सचा ताण सर्वांत कमीवर ठेवून सुरुवात करा. सराव आधी भिंतीला किंवा खांबाला धरून, मग गवतावर. मी आमच्या क्वार्टरमागच्या मैदानात डावा पाय रोज ५० वेळा अडकवला आणि सोडवला, आठवडाभर. पीटीसारखेच आहे : विचार न करता झाले पाहिजे. आईने गॅलरीतून पाहिले आणि आठव्या दिवशी फाटकाबाहेर जाण्याची परवानगी दिली.

बूट, आणि आपल्या वयाचा प्रश्न

आपल्या आया शाळेचा युनिफॉर्म एक साइज मोठा घेतात, ‘वाढत्या अंगाचा’. क्लिपलेसच्या बुटाला हे चालत नाही, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बूट सैल असेल तर टाच आत फिरते, पण बूट फिरत नाही. म्हणजे ऐन वेळी पकड सुटायला उशीर होतो. बूट मापाचाच हवा. पण पंधराव्या वर्षी माप टिकत नाही. माझे ड्रिलचे बूट वर्षात दोनदा बदलले. पेडल वर्षानुवर्षे टिकते, क्लीट काढून दुसऱ्या बुटाला लावता येते, बूट मात्र पुन्हा घ्यावा लागतो. मी दिवाळीच्या सुट्टीत झंडेवालानच्या सायकल बाजारात विचारले तेव्हा साधी एसपीडी पेडल्स ३ हजार रुपयांच्या आसपास होती आणि बरे बूट त्याहून बरेच महाग. तेव्हा खर्च मोजताना पेडलचा नव्हे, बुटाचा मोजा.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि लांब राइडमध्येही सुजतो. जे मोजे घालणार तेच घालून पाहावेत. अंगठ्यापुढे थोडी जागा हवी, पण टाच उचलली जाता कामा नये.

बसवताना

डाव्या आणि उजव्या पेडलचे आटे वेगवेगळे असतात. उजवे पेडल नेहमीसारखे घड्याळाच्या दिशेने आवळते, डावे उलट्या दिशेने. पेडलवर इंग्रजी आर आणि एल ही अक्षरे असतात, ती पाहा. आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले काही आटे हातानेच फिरवा. चुकीचे पेडल पान्याने जोर लावून घुसवले तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे जातात, आणि क्रँक पेडलहून महाग असते.

क्लीट लावताना बूट घालून अंगठ्याच्या मुळाशी असलेले हाड चाचपा आणि बुटावर बाहेरून खूण करा. पेडलचा आस त्या खुणेखाली, किंवा किंचित मागे यावा. कोनासाठी टेबलावर बसून पाय मोकळे सोडा आणि पंजे कुठे रोखतात ते पाहा. तोच तुमचा कोन. आपण ‘सावधान’मध्ये पंजे ३० अंशांवर ठेवतो, तो परेडचा कोन आहे, सायकलीवर आणू नका. सर्वांचे पाय सारखे नसतात, एकाच माणसाचे दोन्ही पायही नसतात. त्यानंतर सीटची उंची पुन्हा तपासा, कारण नव्या पेडल-बुटाची जाडी जुन्याहून वेगळी असते. पहिल्या दिवशी १० किलोमीटर चालवा. गुडघ्याच्या आत किंवा बाहेर दुखले तर कोन थोडा बदला आणि पुन्हा पाहा. दुखत असताना ‘सवय होईल’ म्हणून चालवत राहू नये.

मी काय निवडले

मी एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी असलेले पेडल घेतले, क्लीट एसएच ५६. छावणीत भाजी आणायला, दूध आणायला पीटीचे कॅनव्हास बूट आणि सपाट बाजू. रविवारी दादाबरोबर लांब जायचे असेल तर दुसरी बाजू. दादाचे जुने बूट सध्या मला बरोबर बसतात, त्यामुळे नवे घेतले नाहीत. पाय वाढला तर सपाट बाजू आहेच, राइड थांबणार नाही. दादाला कारणे सांगितली तेव्हा तो म्हणाला की शर्यतीला उतरशील तेव्हा तीन बोल्ट घ्यावेच लागतील. ते मान्य आहे; ती वेळ आली की पुन्हा हिशेब करू.

ज्यांना हे सगळे फार वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट. रेस अक्रॉस अमेरिका ही साधारण ४,८०० किलोमीटरची शर्यत २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये आपल्या सेनेचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. एकट्याला १२ दिवस मिळतात. चारही जण डॉक्टर! एवढ्या अंतरात पाय, गुडघे आणि बैठक सांभाळणे ही ताकदीइतकीच मोठी गोष्ट असते, हे डॉक्टरांना कोणी शिकवावे लागत नसेल.

ज्युनिअर मित्रांना माझे सांगणे इतकेच : शाळेच्या आवारात फिरायला साधे, खडबडीत सपाट पेडल उत्तम आहे, त्यात कमीपणा नाही. आठवड्याला ५०–६० किलोमीटरच्या वर चालवू लागलात, पाय घसरतो असे वाटू लागले, तर क्लिपलेसचा विचार करा. आणि लावलेच, तर पहिला आठवडा गवतावर काढा, रस्त्यावर नाही. डावा पाय आधी.